ओळी आत सरकवण्याचे दिवस

फाल्गुन लागला की आमच्याकडच्या हवेला एक वास येतो. जळक्या पाल्याचा, शेणाचा, भाजलेल्या मातीचा. आटगावला गाडीतून उतरलं की फलाटावरच तो नाकात बसतो, आणि मुंबईहून आलेला पाहुणा हमखास विचारतो, काय जळतंय? राब जळतोय. भाताचं रोप जिथं करायचं ती जागा पावसाआधी पालापाचोळा टाकून भाजून घेतात, त्याला राब म्हणतात. तण मरतं, किडे मरतात, माती मोकळी होते, रोप जोमानं वर येतं. कृषी खात्याचा माणूस दरवर्षी येऊन सांगून जातो की राब भाजू नका, गादीवाफे करा. बाबा त्याला चहा पाजतात, हो हो म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन ऐनाची टहाळं तोडायला जातात.

यंदाही तो वास आला. आणि योगायोग बघा, त्याच आठवड्यात कामावर माझी जुनी पानं परत माझ्या पुढ्यात आली. नवी आवृत्ती निघतेय, तेव्हा मार्गदर्शिकेतला तू नीट केलेला तो भाग एकदा नजरेखालून घाल, असा शर्वरीचा निरोप होता. शर्वरी म्हणजे माझी वरिष्ठ, पुण्यात असते. मी भाग उघडला आणि वरपासून खालपर्यंत गेले. सगळ्या ओळी जिथल्या तिथं होत्या. मागे एका फाल्गुनात मीच त्या एकेक करून जागेवर बसवल्या होत्या. त्या दिवसांत मला दुसरं काहीच करता येत नव्हतं.

हे काम काय असतं ते सांगून टाकते, नाहीतर आमच्या गावाला वाटतं तसं तुम्हालाही वाटायचं, की ही बया दिवसभर लॅपटॉपवर सिनेमे बघते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी एक मोठी मार्गदर्शिका असते. कुठली आज्ञा कशी द्यायची, ते उदाहरणं देऊन सांगितलेलं असतं. आम्ही ती साध्या मजकुरासारखी लिहितो आणि मधे मधे खुणा घालतो: हे शीर्षक, ही यादी, हे उदाहरण. त्या खुणांवरून यंत्र तिचं देखणं पान बनवतं. उदाहरणाची खूण सगळ्यात साधी. वरच्या मजकुरापेक्षा ते चार जागा आत सरकवायचं, बस्स. आत सरकलेलं दिसलं की यंत्राला कळतं, हा प्रोग्रॅमचा तुकडा आहे, याला हात लावायचा नाही, आहे तसा चौकटीत दाखवायचा. सरकवायचं राहिलं की ते बिनडोक यंत्र त्याला चारचौघांसारखं गद्य समजतं, सगळ्या ओळी एकमेकींना चिकटवतं आणि मोकळं होतं.

त्या वर्षी सगळी मार्गदर्शिका जुन्या साच्यातून नव्या साच्यात हलवली होती. हलवताना डावीकडच्या मोकळ्या जागांचा पार बोऱ्या वाजला. कुठं त्या गेल्याच, कुठं दुप्पट झाल्या. पानंच्या पानं उदाहरणं गद्यात सांडली. ती परत आत घ्यायची होती आणि तीही हातानं, कारण कुठली ओळ किती आत हवी हे वाचल्याशिवाय कळत नाही. हे काम कुणालाच नको होतं. मी मागून घेतलं.

दादा जानेवारीत गेला. वाशिंदला कंपनीत होता. शिफ्ट संपवून मोटरसायकलवर येताना हायवेला. याहून जास्त मला सांगता येत नाही, आणि खरं म्हणजे याहून जास्त काही नाहीच.

शर्वरीनं रजा घे म्हणून सांगितलं. मी म्हटलं, रजा नको, ज्यात डोकं लागत नाही असं काम दे आणि घरून करू दे. ठाण्याची खोली सोडली, गाठोडं उचललं, घरी आले. आई मी शाळेत असतानाच गेलेली. त्यामुळे घरात आता बाबा, वहिनी आणि मी. लोक भेटायला येत होते. बायका गळ्यात पडायच्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे, त्यांना पाणी द्यायचे. पोर धीराची आहे, म्हणायच्या. कसला धीर आलाय! दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, मग आपलाच गाल आपल्याला परक्याचा लागतो, तसं सगळं अंग झालं होतं. चहा गरम आहे हे कप हातात घेऊन कळायचं, पण ते फक्त कळायचं.

वहिनीचं नाव सुरेखा. माहेर मुरबाड तालुक्यात, पार सिद्धगडाच्या पायथ्याकडे. माझ्याच वयाची, त्यामुळे नावाला वहिनी, बाकी आमचं एकमेकींना टोमणे मारणंच जास्त चालायचं. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, मूलबाळ नव्हतं. दादा गेल्यावर पहिले काही दिवस ती रडली, मोठ्यानं रडली, घर हलेल अशी रडली. मग उठली, न्हाली आणि कामाला लागली. मला तिचा हेवा वाटायचा. तिचं निदान काहीतरी बाहेर पडलं होतं.

माझं टेबल पडवीत, खिडकीशी मांडलेलं. तिथंच फोनला रेंज येते, घरात दुसरीकडे कुठं नाही. सकाळी बसायचे, ऊन भिंतीवरून खाली उतरून परत वर जाईपर्यंत बसून राहायचे. एक उदाहरण घ्यायचं, वाचायचं, कर्सर ओळीच्या सुरुवातीला न्यायचा, आत सरकवायचं. पुढचं. आत सरकवायचं. पुढचं. यादीतल्या मुद्द्याखालचं उदाहरण असेल तर आणखी आत, मुद्द्यातल्या मुद्द्याखालचं असेल तर त्याहून आत. बरोबर झालं की पानावर त्याच्याभोवती फिकट करडी चौकट उमटायची. त्या चौकटीत काही बिघडत नव्हतं, कुणी येत नव्हतं, कुणी विचारत नव्हतं की आता पुढं काय. मला तेवढं पुरत होतं.

माझ्या वाट्याला आला होता तो भाग स्ट्रिंग फॉरमॅटिंगचा. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ. नाव असेल, गाव असेल, काहीही. ती छापताना किती जागेत मांडायची आणि त्या जागेत डावीकडे चिकटवायची, उजवीकडे ढकलायची की मधोमध ठेवायची, हे यंत्राला सांगायचे नियम. समजा, दहा जागा दिल्या आणि नाव पाच अक्षरांचं असलं, तर उरलेल्या जागी यंत्र मोकळी जागा भरतं. पाच ती, पाच ही. साधी गंमत. पण त्या मोडलेल्या पानावर वर लिहिलेलं असायचं: आता हेच नाव उजवीकडे बघा, आता मधोमध बघा. आणि खाली तिन्ही ठिकाणी नाव एकसारखंच दिसायचं, कारण गद्यात सांडलेल्या मोकळ्या जागा यंत्र गिळून टाकतं. कुठल्या तरी देशातला कुणी तरी शिकाऊ पोरगा ते बघून डोकं आपटून घेत असणार. त्या पोराची मला कीव यायला हवी होती. आली नाही. मी ओळ आत सरकवली आणि तिन्ही नावं आपापल्या जागी गेली.

एकदा उदाहरण चालतंय का ते तपासताना मी त्यात दादाचं नाव टाकलं. महेश, इंग्रजी अक्षरांत. नाव उमटलं आणि पुढं मोकळी जागा. मग नाव पुसलं आणि नुसतंच चालवून बघितलं. मला वाटलं होतं यंत्र तक्रार करील, चूक दाखवील, लाल अक्षरांत काहीतरी बोलेल. काही बोललं नाही. दोन अवतरणचिन्हं, आणि मधे दहाच्या दहा जागा, राखलेल्या. नाव असो नसो, त्याला दहा सांगितल्या होत्या, त्यानं दहा ठेवल्या. मी बराच वेळ त्याकडे बघत राहिले असेन, कारण वहिनी जेवायला हाका मारून दमली आणि शेवटी ताट घेऊन पडवीत आली.

तिनं वाकून बघितलं. हे काय, म्हणाली. मी समजावलं. ही मोकळी जागा नीट करायची, हेच काम. तिला काही केल्या पटेना. दिवसभर? दिवसभर. म्हणजे तिथं काय लिहायचं नाही, नुसतं मोकळं सोडायचं? हो. मग तिनं कमरेवर हात ठेवला.

"मंग या मोकळ्या जागंचा पगार देतात तुला?"

"हो."

"मनी, अगो मलाही लाव की चिकटवून. घरात लय मोकळी जागा झालीय."

हे ती हसत म्हणाली. मग तिनं ताटातली भाकरी मोडून माझ्या हातात दिली. मी जेवले.

त्याच दिवसांत विलास यायला लागला. विलास म्हणजे वहिनीचा मोठा भाऊ. मुरबाडहून मोटरसायकलवर यायचा, किन्हवलीच्या बाजारातून काही ना काही घेऊन यायचा, कधी कलिंगड, कधी सुकी मासळी. बसायचा, पाणी प्यायचा, बाबांना पिकापाण्याचं विचारायचा, उठायचा. तिसऱ्यांदा आला तेव्हा बोलला. मुरबाडला एमआयडीसीत कामाला असलेला एक माणूस आहे, चांगला आहे, पहिली बायको बाळंतपणात गेली, एक लहान मुलगी आहे. तुमची हरकत नसेल तर सुरेखाचा पाट लावावा म्हणतो. विधवेचं दुसरं लग्न, आमच्यात त्याला पाट म्हणतात. चार माणसांत उरकतात, वाजंत्री नाही, काही नाही. पण सासऱ्यानं होय म्हटल्याशिवाय ते होत नाही. सासरा नाही म्हणाला तर कोर्टकचेरी कुणी करत नाही, नुसतं होत नाही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. होय म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. गाईला पाणी पाजायचं राहिलंय, म्हणाले, आणि गोठ्यात गेले. विलास माझ्याकडे बघायला लागला. मी लॅपटॉपकडे बघितलं.

वहिनीला मी विचारलं, तुला काय हवंय. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, बाबांनी तोंडानं सांगितल्याबिगर मी उंबरा ओलांडायची नाय. आणि सांगितलं तर? तिनं सूप झटकलं, खडा लांब फेकला. म्हणाली, सांगितलं तर जाईन. मला काय इथं म्हातारी व्हायचं नाय. पण त्यांना टाकून पळाली असं कुणी बोललेलं मला चालायचं नाय.

इथं मी एक सरळ सांगून टाकते. ती गेलेली मला नको होती. त्या सगळ्या महिन्यांत मला फक्त एकाच गोष्टीचं काहीतरी वाटत होतं, आणि ते हे. ती गेली की घर संपणार, बाबा आणि मी दोन भिंतींसारखे समोरासमोर बसणार, एवढं मला दिसत होतं. तिच्या जागी मी असते तर त्याच दिवशी बॅग भरली असती, हेही दिसत होतं. दोन्ही दिसत होतं आणि दोन्हींतलं एकही तोंडातून निघत नव्हतं. ओळी मात्र आत सरकत होत्या. शर्वरीनं निरोप पाठवला, कामाचा वेग बघून सगळे चकित आहेत. मी अंगठ्याचं चित्र पाठवून दिलं.

राब रचायला तिघंही गेलो. घरामागच्या उतारावर आमची रोपाची जागा आहे. खाली शेण पसरायचं, त्यावर ऐना-किंजळीची टहाळं, त्यावर पातेरा, म्हणजे वाळका पाला, आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक केलेली माती. मातीचं दडपण असलं तर आग धुमसत राहते, भुरकन उडून जात नाही. हा थर आधी, तो नंतर, यात बदल चालत नाही. आधी वाटायचं की जन्मभर हे बघितलंय, यात काय नवीन. त्या वर्षी हात मातीत घातले तरी माती गार की ऊन, लक्षात येत नव्हतं. वहिनी पाटी आणत होती, मी ओतत होते, बाबा हातानं सारखं करत होते. कुणी बोलत नव्हतं. वरच्या रानात कुठंतरी भारद्वाज बोलत होता, त्याला काय.

राब पेटवायची एक पद्धत आहे. वारा ज्या बाजूला जातो, त्या टोकाला काडी लावायची. मग आग वाऱ्याच्या विरुद्ध, सावकाश, मागं मागं येते आणि येता येता माती खोलवर भाजते. ज्या बाजूनं वारा येतो त्या टोकाला एक माणूस ओली फांदी घेऊन उभा राहतो. आग तिथवर आली की झोडून विझवायची, पुढं जाऊ द्यायची नाही. दादा मोठा झाल्यापासून काडी लावायला खालच्या टोकाला दादा, आणि वरच्या टोकाला फांदी घेऊन बाबा, असंच होतं. लहानपणी मला त्यांच्या मधे उभं राहायची बंदी होती, म्हणून मी बांधावर बसून बघायचे. धुराच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा. आग मधून चालत बाबांकडे यायची.

त्या दिवशी बाबा नेहमीसारखे फांदी घेऊन वरच्या टोकाला जाऊन उभे राहिले. काडेपेटी त्यांच्याच खिशात होती. थोडा वेळ ते खाली बघत राहिले. मग तिथंच, उभे होते त्याच जागी वाकले आणि काडी लावली.

माझ्या लक्षात यायच्या आत आग वाऱ्याबरोबर सुटली. मातीवरून, गवतावरून, नुसती सर्रकन खाली. पेटता पातेरा उडायला लागला. खालच्या बांधापलीकडे शेजाऱ्यांच्या पेंढ्याचा उडवा रचलेला होता, आग सरळ त्याच्याकडे निघाली. वहिनी धावली. मीही धावले. फांद्या तोडायला वेळ कुठला. तिनं पाटीतली माती फेकली, मग पाटीनंच झोडायला लागली, मी ओढणी पाण्याच्या कळशीत बुडवून मारत सुटले. तिच्या साडीचा काठ करपला. उडव्यापासून हातभरावर आग बसली. माझे हात पोळले होते, ते मला घरी आल्यावर दिसलं.

वर बघितलं तर बाबा होते तिथंच, हातात ओली फांदी. हलले नव्हते. आम्ही धापा टाकत त्यांच्यापर्यंत गेलो. वहिनी ओरडणार असं मला वाटलं, तिचा हक्कच होता. पण ते आधी बोलले.

"त्या टोकाला कुनीच नव्हतं," म्हणाले.

राब वाया गेला. वरचं गवत तेवढं जळलं, खालचं शेण तसंच ओलं, माती कच्ची. सबंध आयुष्यात शेतीत चूक न केलेला माणूस, आणि चूक कुठली, तर पोरानंही करू नये अशी. गावात सांगितलं असतं तर लोक हसले असते, आणि मग हसू आवरून गप्प झाले असते. आम्ही कुणाला सांगितलं नाही.

परत पाला गोळा करायला रानात फार काही उरलं नव्हतं. वहिनी पहाटे उठून जायची, डोक्यावर भारा घेऊन यायची. मी म्हटलं, यंदा सोड, रोप विकत घेऊ. ती म्हणाली, तू तुझ्या मोकळ्या जागा बघ. तिनं सगळं परत रचलं, थरावर थर, जवळजवळ एकटीनं. आणि पेटवायच्या दिवशी बाबांपुढं हात केला. बाबांनी काडेपेटी दिली. ती उतार उतरून खालच्या टोकाला गेली, पदर खोचला, वाऱ्याचा अंदाज घेतला आणि काडी लावली. आग सावकाश निघाली. धूर वर आला. वरच्या टोकाला बाबा फांदी घेऊन उभे, खालच्या टोकाला ती. मधे आग, जशी हवी तशी चाललेली. मी बांधावर बसले होते. बाबांचा चेहरा मी बघितला. दादा गेल्यापासून तसा बघितला नव्हता.

मला वाटलं, झालं. आता ती कुठं जात नाही. मला आनंद व्हायला हवा होता, आणि थोडासा झालाही असावा. घरी येऊन मी एक सबंध पान एका बैठकीत पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी विलास आला. या वेळी हात हलवत आला, काही आणलं नव्हतं. त्याचाही धीर सुटला असावा. पडवीत बसला. वहिनी आतल्या दारात उभी राहिली. बाबांनी त्याला पाणी द्यायला लावलं, ते त्यानं पिईपर्यंत वाट बघितली, आणि मग बोलायला लागले. माझे बाबा एका दमात एवढं बोलतात हे मला माहीतच नव्हतं.

"काल ती त्या टोकाला जाऊन उभी राह्यली. मला बरं वाटलं. लय बरं वाटलं. म्हनून सांगतो, न्या तिला. पावसाच्या आधी न्या. लावनी लागली की मी नाय सोडायचो."

विलास खाली मान घालून बसून राहिला. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. वहिनी घासलेलीच भांडी परत घासत होती, आणि आवाजावरून कळत होतं की रडतेय. बाबा उठले, टोपी झटकली, गोठ्याकडे गेले. मी काय केलं? कर्सर ओळीच्या सुरुवातीला होता. ती ओळ मी आत सरकवली.

आता इतक्या दिवसांनी तीच पानं उघडून बसले की मला ती ओळ नेमकी कुठली, ते ओळखू येत नाही. सगळ्या सारख्याच दिसतात. जो वाचेल त्याला उदाहरण दिसेल, आणि उदाहरणाच्या डावीकडची जागा कुणीच बघणार नाही. बघूही नये, ती बघायसाठी नसतेच. शर्वरीला मी कळवलं, सगळं ठीक आहे, बदल करायची गरज नाही. तिनं विचारलं, तू कशी आहेस? मी म्हटलं, बरी आहे. हे खरंही आहे. भूक लागते, झोप लागते, गेल्या दिवाळीला मी नवीन पडदेसुद्धा घेतले. गालावरचं इंजेक्शन मात्र पुरतं उतरलेलं नाही. कधी कधी एखादा कोपरा जागा होतो आणि परत झोपतो.

वहिनीचा फोन येतो अधूनमधून. तिची मुलगी, म्हणजे त्या माणसाचीच, पण आता तिचीच, मधेच फोन ओढून घेते आणि मला काहीबाही सांगते. परवा बाबा तिच्याशी बोलले. पोरीनं त्यांना विचारलं, तुमी कोण? बाबा अडखळले आणि म्हणाले, मी आटगावचा बाबा. तेवढंच पुरलं तिला.

वहिनी घरातून गेली तो दिवस वैशाखातला. तिची पेटी घेऊन विलास टेम्पोनं आधीच पुढं गेला होता. तिनंच त्याला सांगितलं, मी बसनं येते, मनी सोडायला येईल. आमच्यात पाटाला सासरचं माणूस जात नाही, म्हणून माझं जाणं शहापूरच्या स्टँडपर्यंतच. बाबांनी तिला साडी घेतली होती, आंबा कलरची, पिशवीत घालून दिली. ती पाया पडली तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि काढायला जरा उशीर केला. स्टँडपर्यंत येईस्तोवर आम्ही काय बोललो आठवत नाही. ऊन फार होतं. मुरबाडची बस उशिरा येणार, असं कुणीतरी सांगितलं. मी तिला उसाचा रस घेऊन दिला. ती हळदीचं सांगत होती, कुठल्या डब्यात आहे. लोणच्याला कधी ऊन दाखवायचं. बाबा गोळी घेतात का ते रोज विचार, ते घेतली म्हणतात आणि घेत नाहीत. मी हो म्हणत होते. सगळ्याला हो.

बस लागली. लोक दाराशी जमले. तिनं पिशवी उचलली, परत खाली ठेवली, आणि माझ्याकडे तोंड करून उभी राहिली.

"तू एकदा तरी बोलायचंस, नको जाऊ म्हणून," ती म्हणाली. "मी गेलेच असते. पण तू बोलायचंस गो."

कंडक्टर घाई करत होता. मागची म्हातारी मला कोपरानं ढोसत होती. मी तोंड उघडलं, आणि इतक्या महिन्यांनी आवाज कसा निघेल याची मला स्वतःलाच खात्री नव्हती.

"नको जाऊ," मी म्हणाले.

"हां, आता कसं," वहिनी म्हणाली. आणि पिशवी उचलून बसमध्ये चढली.